सांगवीची वीणा आणि आमचे साडूभाऊ

परमेश्वराने बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांसाठी मिळून संशयाचा जो काही कोटा मंजूर केला असेल, तो सगळाच्या सगळा आमच्या थोरल्या साडूंनी एकट्याने उचलला होता. साडूभाऊ इंदापूरला एस.टी.त चढायच्या आधी पाटी वाचायचे. पाटी वाचून झाल्यावर कंडक्टरला विचारायचे, "गाडी बारामतीलाच जातीय न्हवं?" कंडक्टर हो म्हणाला की त्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहायचे आणि मग पुढे जाऊन तोच प्रश्न ड्रायव्हरला विचारायचे. दोघांची उत्तरं जुळली तरी त्यांचं समाधान होत नसे. "दोघं एकाच डेपोचं हायेत, ठरवून बोलत असतील," असं ते मला पुढे सांगायचे. मग ते एखाद्या म्हातारीशेजारी बसायचे, तिच्या लेकीसुनांची चौकशी करायचे आणि बोलता बोलता तिला कुठं उतरायचंय ते काढून घ्यायचे. म्हातारी बारामती म्हणाली की कुठे त्यांचा जीव भांड्यात पडायचा, तोही अर्धाच. कारण म्हातारीच चुकीच्या गाडीत बसली असली तर?

कलिंगडवाल्याने कलिंगडाला त्रिकोणी खाप मारून लालभडक फोड पुढे केली की साडूभाऊ म्हणायचे, "ह्या बाजूनं तू दाखवणारच. मागनं काप." मागून कापलं आणि तेही लाल निघालं, की ते कलिंगड न घेताच निघून यायचे, कारण दोन्हीकडून लाल निघणारं कलिंगड त्यांना फार संशयास्पद वाटे. त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, या माणसाबरोबर संसार कसा केला हे तिचं तिलाच माहीत. एकदा ती मला म्हणाली, "मी भाजीत मीठ घातलंय म्हणलं तरी हे चाखून बघत्यात. न्हाय घातलं म्हणलं तरी चाखून बघत्यात. मग मी सांगायचंच सोडून दिलं." यावर साडूभाऊंचं म्हणणं असं, की दोष त्यांचा नाही, रक्ताचा आहे. त्यांचे आजोबा मेंढरांमागे रानोमाळ फिरणारे. "आमचा आज्जा मेंढरं मोजून झोपायचा आन् उठून परत मोजायचा. रातीत एखादं वाढलं तरी त्याला घोर लागायचा. म्हणायचा, हे कुणी आणून सोडलं आन् का?"

साडूभाऊ इंदापूरजवळच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. अक्षर मोत्यासारखं आणि रेघ अशी, की तिच्यावरून मुंगी चालली तरी तिचा तोल जाऊ नये. सुट्टीच्या दिवशी क्वार्टरच्या मागच्या पडवीत त्यांचा दुसरा कारखाना चाले. तिथे रंधा, पटाश्या, कानशी आणि सरसाचं भांडं घेऊन ते लाकडाची वाद्यं करत. आधी चिपळ्या आणि एकतारी, मग तंबोरे. आसपासच्या गावच्या भजनी मंडळांना त्यांची वाद्यं आवडायची, पण साडूभाऊंना आवडलेलं मंडळ मी अजून पाहिलेलं नाही. "ह्यांच्या हातात दिलं म्हंजे उन्हात ठेवणार," असं म्हणून ते तयार तंबोरा महिना महिना देतच नसत. लाकूड घेतानाही तेच. ओंडक्याला कान लावायचे, बोटाने वाजवायचे, पाणी शिंपडून हुंगायचे. वखारवाला कंटाळून म्हणायचा, "आवो, लाकूड हाय ते, काय फसवतंय?" त्यावर साडूभाऊ गंभीरपणे म्हणायचे, "बोलत न्हाय म्हंजे खोटं बोलत न्हाय, असं न्हाय."

आणि त्यांची सगळ्यात प्रसिद्ध सवय म्हणजे कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना विचारायचा प्रश्न: "धरलं का? सोडू का?" चहाचा कप देताना, पिशवी देताना, पोस्टमनला सही करून पेन परत देतानासुद्धा. माझ्या धाकट्या मुलीचं बारसं झालं तेव्हा आत्याबाईंच्या हातात बाळ देताना त्यांनी हा प्रश्न इतक्या वेळा विचारला की शेवटी बाळच रडायला लागलं. लोक हसायचे. ही सवय मात्र आज्ज्याच्या रक्तातली नव्हती. ती सांगवीच्या सप्ताहातली होती, आणि तिच्यामागची गोष्ट हसण्याजोगी नव्हती.

सांगवी हे साडूभाऊंचं गाव. तिथल्या देवळात दरवर्षी सप्ताह बसतो. सप्ताह बसला की उठेपर्यंत वीणा खाली टेकवायची नाही, असा नेम आहे. एकाने गळ्यात अडकवून उभं राहायचं, त्याचा पहारा संपला की दुसऱ्याने यायचं. वीणेचा पट्टा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो आणि मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात. सगळा सप्ताह वीणा अशी माणसामाणसांवरून चालत राहते. एका वर्षी दुपारच्या पहाऱ्याला साडूभाऊंच्या गळ्यातली वीणा त्यांच्या सख्ख्या चुलतभावाने घ्यायची होती. दोघं एका अंगणात वाढलेले, एका ताटात जेवलेले. आणि नेमकी त्या दोघांच्या मधे वीणा पडली. वीणेच्या भोपळ्याचे तुकडे देवळाच्या फरशीवर पसरले, दांडी मधोमध चिरली. टाळ थांबले. सप्ताहात टाळ थांबलेले गावाने पहिल्यांदाच ऐकले. साडूभाऊ म्हणाले, "ह्यानं धरलीच न्हवती." चुलतभाऊ म्हणाला, "धरायच्या आधीच ह्यानं सोडली." मोडलेली वीणा नीरा नदीत सोडली आणि त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. साडूभाऊंपुढे चुलतभावाचं नाव काढायची सोय राहिली नाही. नाव निघालं की ते उठून चपला शोधायला लागत, मग ते घर त्यांचं स्वतःचं का असेना. ते सांगवीला जाईनासे झाले आणि वस्तू देताना "धरलं का?" विचारायला लागले.

पुढच्या वर्षी सांगवीने लोणी भापकरहून वीणा मागून आणली आणि सप्ताह पार पाडला. ही बातमी इंदापूरला पोचली तेव्हा साडूभाऊंनी दोन दिवस पटाशीला हात लावला नाही. त्यांच्या गावच्या देवळात मागून आणलेली वीणा उभी राहिली, आणि तीसुद्धा आपल्यामुळे. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे बारामतीला आले. आल्या आल्या चहा हुंगून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, सांगवीची वीणा मी करणार. दुसरी न्हवं, तीच. त्याच मापाची." मी म्हणालो, मिरजेला तयार मिळते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मिरजेचा आणि माझा काहीतरी आतून व्यवहार असावा.

मास्तर म्हणजे मी. बारामतीत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तेव्हा सगळीकडे कॉम्प्युटरची हवा सुरू झाली होती, म्हणून मीही कर्ज काढून एक कॉम्प्युटर घेतला होता. त्याला निळं फडकं शिवलं होतं आणि खोलीबाहेर 'चपला येथे काढाव्यात' अशी पाटी होती. साडूभाऊंना त्यांच्या कारखान्याने पुण्याला पाठवून कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं शिक्षण दिलं होतं, पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते वीणा काढायला तयार नव्हते. साहेब बघेल, कुणी नक्कल करेल, कुणी मुद्दाम एक रेघ हलवेल. त्यामुळे दर रविवारी ते इंदापूरहून माझ्याकडे येऊ लागले. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्यांच्या पिशवीत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या फ्लॉप्यांवर असायचं.

कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास होता म्हणून ते तो वापरत होते असं कुणी समजू नये. पहिल्या रविवारी त्यांनी पडद्यावर फूटभर लांबीची एकच रेघ काढली, छापली आणि खिशातल्या पोलादी पट्टीने मोजली. रेघ केसभर कमी भरली. "बघा!" ते आनंदाने म्हणाले. मग त्यांना पट्टीचा संशय आला. म्हणून त्यांनी दुसऱ्या खिशातून दुसरी पट्टी काढली आणि दोन पट्ट्या एकमेकींना लावून पाहिल्या. त्या दोघींतही फरक निघाला. तो रविवार या तिघांत खोटारडं कोण हे ठरवण्यात गेला आणि वीणा सुरूच झाली नाही. शेवटी प्रिंटर लांबीला थोडं खातो असा निकाल लागला. तेव्हापासून ते प्रत्येक मापात ते खाल्लेलं वाढवून घालायचे आणि प्रिंटरकडे खडीसाखर चोरणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघायचे. लाइट गेली की आधी माझ्याकडे बघायचे. एकदा मी चिडून म्हणालो, "साडूभाऊ, लाइट मी घालवत नाही हो." ते म्हणाले, "तुमी न्हाय, मान्य हाय. पर मी शेवटची रेघ मारायच्या टायमालाच कशी जातीय?"

काढलेलं ड्रॉइंग हरवू नये म्हणून ते तीन फ्लॉप्यांवर उतरवलं जायचं. एक त्यांच्या पेटीत, एक आमच्या तांदळाच्या डब्यात, आणि एक त्यांच्या वाद्यांच्या हत्यारांत. यातल्या तिसरीनेच घोटाळा केला. खंडेनवमीला त्यांनी रंधा, करवत, पटाश्या अशी सगळी हत्यारं पुजली आणि त्यांत फ्लॉपीही मांडली. इथपर्यंत ठीक होतं. पण नुसत्या प्लॅस्टिकला काय कुंकू लावायचं, असं वाटून त्यांनी तो सरकता पत्रा बाजूला करून आतल्या काळ्या चकतीला हळदकुंकू वाहिलं आणि दोन अक्षताही. पुढच्या रविवारी तीच फ्लॉपी त्यांनी माझ्या कॉम्प्युटरमध्ये घातली. आतून रवाळ चटणी वाटल्याचा आवाज आला आणि माझा ड्राइव्ह जागच्या जागी बसला. पुण्याहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने चिमट्याने अक्षत बाहेर काढली आणि माझ्याकडे नजर टाकली, तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साडूभाऊंना मात्र वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. "पुजलेल्या हत्यारानं धोका दिला न्हवता कधी," ते म्हणाले. तांदळाच्या डब्यातली फ्लॉपी शाबूत होती म्हणून काम पुढे चाललं.

तुंबा, म्हणजे वीणेचा खालचा पोकळ गोल भाग, भोपळ्याचा करायचा नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. भोपळा आतून कसा आहे ते कळत नाही. म्हणून फणसाच्या लाकडातून कोरायचा. त्याचे आडवे काप त्यांनी पडद्यावर असे एकाखाली एक रचले होते की मलासुद्धा बघत राहावंसं वाटे. पण खरी अडचण होती दांडीची. जुनी वीणा नदीत गेलेली. तिचं माप कुणी घेतलेलं नव्हतं. तिचा एकच फोटो गावात होता, आणि तो माझ्या बायकोने तिच्या बहिणीच्या मार्फत, बहिणीने जावेच्या मार्फत असा फिरवून मिळवला. फोटोत वीणा होती, आणि ती गळ्यात घेऊन उभा होता साडूभाऊंचा चुलतभाऊ.

साडूभाऊंनी फोटोवर बारीक चौकटींचा ट्रेसिंग पेपर ठेवला आणि चौकटी मोजून एकेक बिंदू कॉम्प्युटरला सांगितला. वीणेचा आकार तंतोतंत उतरला, पण ती केवढी ते कळेना, कारण फोटोत मोजायला दुसरी वस्तूच नव्हती. मागे कोरी भिंत, गळ्यात हार, आणि फोटो कमरेपाशी कापलेला. माहीत करून घेता येईल असं एकच माप होतं. चुलतभावाचा डावा पंजा दांडीवर पसरून ठेवलेला होता, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत स्पष्ट. तो पंजा खरा किती लांब ते कळलं की दांडी किती ते निघत होतं. साडूभाऊंनी फोटो उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "नाकबी चाललं आसतं, पर नाक मोजायला जाणार कोण?"

पंजा मोजायला मी गेलो. साडूभाऊंनी मला निघताना सबब पढवली. मी टायपिंग शिकवतो, तर मोठ्या पंजाच्या लोकांना टाइपरायटरची बटणं कशी पडतात याचा अभ्यास करतोय, असं मी सांगायचं. "वीणेचं नाव काढू नका. कळलं तर तो हात आखडून धरंल." इतकी बावळट सबब घेऊन मी सांगवीला पोचलो. चुलतभाऊ उसाला पाणी देऊन नुकताच आला होता. उंच, रुंद, मिशा साडूभाऊंसारख्याच. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, आणि माझा टायपिंगचा अभ्यास शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतला.

"पाव्हणं," तो म्हणाला, "वीणेसाठी पायजे न्हवं?"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"फोटो मागून न्हेला तवाच म्हणलं, दांडीला आडणार ह्यो. फोटोतला हात डावा हाय. काढा कागद."

मी कागद पसरला. त्याने त्यावर डावा हात ठेवला आणि तेव्हा मला दिसलं. मधलं बोट वरच्या पेरापासून नव्हतं. जखम भरून कातडी गुळगुळीत झाली होती.

"हे कधी?"

"गेल्या उन्हाळ्यात. कडबाकुट्टीच्या पात्यात गेलं." तो जरा हसला. "त्याला सांगू नका. म्हणंल, माप चुकवायसाठी मुद्दाम तोडून घेतलं."

मी पेन्सिल फिरवली. पेन्सिल त्या आखूड बोटावरून लवकर वळून आली. निघताना त्याने विचारलं, "लाकूड कुठलं घेतलंय?" मी म्हणालो, तुंब्याला फणस, दांडीला साग. "साग चांगला वाळल्याला हाय न्हवं?" आणि मग स्वतःच म्हणाला, "आसंल. त्यो बघितल्याबिगर घेणार न्हाय."

त्या रविवारी दुपारी साडूभाऊ माझी वाटच बघत होते. मी कागद टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि तडक टेबलावर हात आपटला. "बघा! मी म्हणलं न्हवतं? बोट दुमडून दिलंय! माझी दांडी आखूड व्हावी, गावात हसं व्हावं, म्हणून!" त्यांचा आवाज इतका चढला की बाहेरच्या खोलीतली टायपिंगची टकटक थांबली. सांगू नका असं त्याने बजावलं होतं, पण त्या क्षणी मला साडूभाऊंचा असा संताप आला की बोलून गेलो. "दुमडलेलं नाही हो ते. बोट नाहीच आहे. कडबाकुट्टीत गेलं, गेल्या उन्हाळ्यात."

साडूभाऊ खुर्चीत बसले. आता हे म्हणणार, कशावरून? बोट तुम्ही जवळून बघितलं का? मी उत्तरं तयार ठेवली. त्यांनी काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मला कुणी सांगितलं न्हाय." मी म्हणालो, "तुमच्यापुढे नाव कोण काढणार?" ते मान खाली घालून त्या कागदाकडे बघत बसले. मला त्यांची फार दया आली. आयुष्यभर सगळ्यांची सगळी बातमी तीन तीन जणांकडून खात्री करून घेणारा हा माणूस, आणि घरातली हीच बातमी त्याच्यापर्यंत पोचली नव्हती.

मग त्यांनी आपला डावा हात हळूच त्या कागदावर ठेवला. मनगट मनगटावर आलं. अंगठा अंगठ्यात बसला. करंगळी, अनामिका, तर्जनी, सगळी बोटं पेन्सिलीच्या रेघेत जशीच्या तशी मावली. फक्त मधलं बोट रेघेच्या बाहेर पुढे आलं. "आमचं हात सारखंच," ते म्हणाले. "दसऱ्याला आमची आज्जी आमा दोघांचं गेरूचं थापं भितीवर उठवायची. कुठला कुणाचा कुणाला कळायचा न्हाय. त्यावरनं भांडायचो आमी." त्यांनी उजव्या हाताने पेन्सिल घेतली आणि आपल्या बोटाभोवती फिरवून तो कागदावरचा पंजा पुरा केला. मग त्याची लांबी मोजली आणि कॉम्प्युटरला घातली. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या खिशातली पट्टी काढली नाही. पडद्यावर दांडी लांब झाली आणि थांबली. खरं तर हे माप पहिल्यापासून त्यांच्याच मनगटाला जोडलेलं होतं, पण हे मी बोलून दाखवलं नाही.

पुढचे महिने कोरण्यात गेले. पूर्ण मापाचं ड्रॉइंग प्रिंटरच्या कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवून माझ्या इन्स्टिट्यूटच्या जमिनीवर पसरलं जायचं आणि टायपिंगला येणाऱ्या मुली परकर सावरून त्यावरून उड्या मारत जायच्या. तुंबा कोरताना साडूभाऊ दर थोड्या वेळाने कागदाचा काप आत घालून बघायचे, नि बसला नाही की आधी कागदावर संशय घ्यायचे, मग लाकडावर, आणि सगळ्यात शेवटी स्वतःवर. वीणा झाली तेव्हा तिला तारा लावून त्यांनी ती एकट्याने ऐकली. आम्हाला ऐकू दिली नाही. आम्ही बरी म्हणालो असतो तर ते त्यांना खरं वाटलं नसतं.

सांगवीला सप्ताहाआधी वीणा देवळात आणली तेव्हा गावही काही कमी संशयी निघालं नाही. देवळाचा कारभार बघणारे एक वयस्कर तात्या होते. त्यांनी वीणेला हात न लावता भोवती एक चक्कर मारली. "मशीनीनं काढल्याली म्हणत्यात. हिला देव वळखंल का?"

"तात्या, मशीनीनं नुसती रेघ काढली," साडूभाऊ म्हणाले. "लाकूड मी कोरलंय. ह्या हातानं."

तात्यांनी बोटाने तार छेडली, डोळे मिटले, परत छेडली. "जवळपास तीच हाय," ते म्हणाले.

"जवळपास म्हंजे?" साडूभाऊंनी लगेच विचारलं. सगळे हसले, आणि वीणा देवळात शिरली.

पहाऱ्याच्या पाळ्या तात्यांनीच लावल्या होत्या. दुपारी साडूभाऊ, आणि त्यांच्याकडून घेणार चुलतभाऊ. "म्हाताऱ्यानं मुद्दाम लावलंय," साडूभाऊ माझ्या कानात म्हणाले. या एका संशयात मात्र ते शंभर टक्के बरोबर होते. गाव त्या दुपारी कामं टाकून देवळात जमलं. प्रत्येकाची नजर त्या फरशीवर होती जिथे जुनी वीणा फुटली होती. चुलतभाऊ पुढे आला. साडूभाऊंनी पट्टा आपल्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातला. वीणेवर दोघांचे हात होते. चुलतभावाचं ते आखूड बोट दांडीवर होतं आणि साडूभाऊ त्याच्याकडे बघत होते. आम्ही सगळे तो प्रश्न ऐकायला थांबलो होतो. माझी बायको तर ओठांत म्हणालीसुद्धा, आता विचारतील. साडूभाऊंनी विचारलं नाही. त्यांनी हात काढला आणि वाकले. चुलतभाऊ वीणा सांभाळत सरळ उभा राहिला. साडूभाऊ त्याच्या पायांवर डोकं ठेवून जरा जास्तच वेळ राहिले. मग ते उठून उभे राहिले, आणि तेव्हा चुलतभाऊ वाकला. टाळ एकदाही थांबले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी उपरण्याने पुसलं, आणि शेजारी बघतो तर तात्याही तेच करत होते.

दोघं भाऊ पुढे बोलायला लागले. कोण चुकलं हे मात्र त्यांच्यात कधी निघालं नाही. बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, साडूभाऊ आमच्याकडे आले असताना मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी वीणा सोडली कुणी?" ते चहाच्या कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोघांनी. पट्टा त्याच्या गळ्यात पुरता बसायच्या आत दोघंबी एकदमच पाया पडायला वाकलो, मास्तर. मला वाटलं त्यानं धरलीय, त्याला वाटलं मी धरलीय. तवा आमचा एकमेकांवर लई इस्वास हुता." आणि रिकामा कप माझ्या हातात देत म्हणाले, "धरलं का? सोडू का?"

साडूभाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. इन्स्टिट्यूट मी बंद केली. तांदळाच्या डब्यातली फ्लॉपी अजून बायकोने ठेवली आहे, तिला लावायला आता घरात यंत्र नाही. मध्यंतरी सांगवीला सप्ताहाला गेलो होतो. साडूभाऊंची वीणा चुलतभावाच्या गळ्यात होती. तो थकला आहे, मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. त्याचा पहारा संपला आणि गावातला एक जवान गडी वीणा घ्यायला पुढे आला. चुलतभावाने पट्टा त्याच्या गळ्यात घातला, पण दांडीवरचा हात काढला नाही. त्या टाळांच्या गजरात वाकून त्याने त्या गड्याच्या कानाशी काहीतरी विचारलं. मी जवळच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"धरली का? सोडू का?"